जाहिरात-जनसंपर्काचं संशोधन: गूगल फॉर्म पाठवण्याआधी काय शिकायचं

संशोधन पद्धती हा पेपर आमच्याकडे बहुतेक मुलं पाठांतरावर काढतात. नमुना निवडीचे प्रकार, प्रश्नावलीचे गुणदोष, गृहीतकाची व्याख्या, सगळं पाच-पाच मार्कांचं. मग शेवटच्या सत्रात प्रकल्प येतो. एका रात्रीत गूगल फॉर्म तयार होतो, मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो आणि आलेल्या उत्तरांचे रंगीत पाय चार्ट काढले की संशोधन झालं. मी आधी बाजार संशोधनात फिल्डवर काम केलं. नाशिक, मालेगाव, येवला या पट्ट्यात घरोघरी जाऊन फॉर्म भरून घेतले. आता नाशिकमध्येच जाहिरात आणि जनसंपर्काच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवते. मुलं हुशार असतात आणि मेहनतही करतात, पण सुरुवात चुकीच्या टोकापासून होते म्हणून वर्ष वाया जातं. ते टोक कुठलं, हेच मला सांगायचं आहे.

संशोधन कोणाच्या तरी निर्णयासाठी करायचं असतं. तो निर्णय आधी कागदावर लिहा. पद्धत कोणती, माणसं किती, प्रश्न कोणते, हे सगळं त्यातून निघतं.

विषय कुठून कापायचा

दरवर्षी हमखास येणारा विषय म्हणजे ‘सोशल मीडियावरील जाहिरातींचा युवकांवर होणारा परिणाम’. कोणता सोशल मीडिया? कसली जाहिरात? कॉलेज रोडवरचे युवक की सुरगाण्याचे? आणि परिणाम म्हणजे आवडणं, आठवणं की खिशातून पैसे काढणं? विषय मर्यादित करा असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण कात्री कुठे लावायची ते लिहिलेलं नसतं. माझा उपाय साधा आहे. ज्याला खरंच पैसे खर्च करायचे आहेत असा एक माणूस डोळ्यांसमोर आणा.

समजा, येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानदाराने लग्नसराईसाठी जाहिरातीची रक्कम बाजूला काढून ठेवली आहे. ती मुंबई नाक्यावरच्या होर्डिंगवर घालायची की इन्स्टाग्रामच्या रील्सवर, एवढंच त्याला ठरवायचंय. आता प्रश्न आपोआप सुचायला लागतात. नाशिकमधल्या ज्या घरांत येत्या वर्षात लग्न आहे, तिथे पैठणी कुठून घ्यायची हे कोण ठरवतं? येवल्याला जायचं की मेन रोडवरच घ्यायची, यावर घरात बोलणं कधी होतं? दुकानाचं नाव पहिल्यांदा कानावर कुठून येतं? बघा, ‘युवक’ हा शब्द विषयातून निघूनही गेला. ठरवणारी व्यक्ती नवरीची आई असेल, मावशी असेल किंवा नात्यात एक चोखंदळ काकू असतात त्या असतील. त्यांना भेटायला जायचं की नाही, हे तुमचा विषय ठरवतो, तुमची मित्रमंडळी ठरवत नाहीत.

जनसंपर्कालाही हेच लागू आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा म्हणून एखाद्या प्रभागात मोहीम घ्यायची आहे. घरोघरी पत्रकं वाटायची, घंटागाडीवरच्या माणसाने मिश्र कचरा परत करायचा, की सोसायटीच्या चेअरमनना हाताशी धरायचं? तीन मार्ग आहेत आणि माणसं-पैसा एकाच मार्गापुरता. हा झाला संशोधनाचा प्रश्न.

प्रश्न चांगला आहे का, याची एक चाचणी मी वर्गात घेते. उत्तर ‘हो’ आलं तर ग्राहक काय करेल? ‘नाही’ आलं तर काय करेल? दोन्ही वेळा तो एकच गोष्ट करणार असेल, तर तो प्रश्न काढून टाका. चाळीस प्रश्नांचा फॉर्म या चाचणीतून पंधरावर येतो.

आधी कोणी काय मोजून ठेवलंय

फिल्डवर जाण्याआधी तयार आकडे वाचायला शिका. त्यात काय मोजलंय आणि कसं, हे दोन्ही माहीत हवं. एबीसी, म्हणजे ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स, १९४८ पासून वर्तमानपत्रांचा खप तपासतं. दर सहा महिन्यांनी प्रमाणित होणारा हा आकडा विकल्या गेलेल्या प्रतींचा असतो. इंडियन रीडरशिप सर्व्हे वाचक मोजायचा, २०१९ नंतर मात्र तो अनेक वर्षं झालाच नाही. त्यात माणसाला वर्तमानपत्रांची नावं दाखवून शेवटचं कधी वाचलं ते विचारायचे. एक अंक घरात चार जण वाचतात आणि केशकर्तनालयात चाळीस, त्यामुळे खप आणि वाचक हे आकडे एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. टीव्हीसाठी बार्क ही प्रेक्षक मोजणारी संस्था आहे. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण असते आणि निवडक घरांतलं मीटर ती ओळखतं. मीटर टीव्ही कुठल्या वाहिनीवर चालू आहे ते सांगतं. समोरच्या बाईंचं लक्ष भाजी निवडण्यात होतं की मालिकेत, ते त्याला कळत नाही.

लोकसंख्येसाठी मुलं विकिपीडियावरून आकडा उचलतात. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती. त्यानंतर पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, आडगाव या बाजूंना शहर किती पसरलंय ते आपण रोज बघतो. आकडा वापरा, पण वर्ष लिहून वापरा. तुमचा प्रभाग नवीन वस्तीचा असेल तर घरांची यादी स्वतः करा. चार इमारतींच्या पाट्यांवरची नावं मोजायला संध्याकाळ पुरते.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रकल्पांत फार क्वचित दिसते. उत्पन्न विचारल्यावर लोक खरं सांगत नाहीत, म्हणून या धंद्यात एनसीसीएस नावाची वर्गवारी वापरली जाते. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत, या दोन गोष्टींवरून ए-१ पासून ई-३ पर्यंत १२ गट पडतात. वस्तूंच्या यादीत पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी आहेत आणि शेतजमीनही आहे. आपल्या जिल्ह्यात ती शेवटची नोंद किती मोलाची आहे, हे पिंपळगाव बसवंतला चार घरं फिरलं की समजतं. पुढे ही वर्गवारी बदलून आयसेक नावाची नवी पद्धत सुचवली गेली. ती पण वाचा. मुलाखतीला गेलात तर दोन्ही विचारतील.

जुने प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मोफत मिळतात. निष्कर्ष नका बघू, शेवटचं परिशिष्ट उघडा आणि प्रश्नावली वाचा. दहा प्रबंधांच्या प्रश्नावल्या एका बैठकीत वाचल्या की चांगला प्रश्न आणि वाईट प्रश्न यांतला फरक डोळ्यांना दिसायला लागतो.

आधी ऐका, मग मोजा

प्रश्नावलीच्या आधी पाच-सहा माणसांशी निवांत बोला. या टप्प्याला मुलं कंटाळतात, कारण त्यातून टक्केवारी निघत नाही. पण प्रश्नावलीत कोणते पर्याय द्यायचे हे इथेच कळतं.

कचऱ्याच्या विषयावर विद्यार्थिनींच्या एका गटासोबत मी सिडकोत गेले होते. एका घरी पहिला प्रश्न विचारला, “ओला-सुका कचरा वेगळा करता का?” ताई म्हणाल्या, “हो, करतो की.” मुलीने लगेच ‘हो’वर खूण केली आणि ती पुढच्या प्रश्नाकडे निघाली. मी तिला थांबवलं आणि ताईंना विचारलं, “आज सकाळची दुधाची पिशवी कुठे टाकलीत?” ताई क्षणभर थबकल्या, मग ओट्याखालचा डबा पुढे ओढला. वर चहाचा चोथा, त्याखाली पिशवी, त्याखाली कोथिंबिरीच्या काड्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “डबे दोन आहेत हो, पण दुसऱ्यात तांदूळ भरलेत. आणि गाडी येते तेव्हा माझा नळाचा टाइम असतो.” ही दोन वाक्यं बाहेर आली आणि आमच्या संशोधनाची दिशा बदलली. ताईंना नियम पाठ होता, म्हणजे माहितीचं पत्रक वाटून काही होणार नव्हतं. अडचण डब्याची होती आणि गाडीच्या वेळेची.

म्हणून सवय लावून घ्या. मत विचारण्याआधी शेवटचा प्रसंग विचारा. ‘तुम्ही जाहिराती पाहता का?’ याऐवजी ‘काल रात्री जेवताना टीव्हीवर काय लागलं होतं?’ ‘ब्रँड महत्त्वाचा वाटतो का?’ याऐवजी ‘मागच्या वेळी चहा पावडर आणली, तेव्हा दुकानात नेमकं काय झालं?’ माणूस प्रसंग सांगायला लागला की खोटं बोलणं त्यालाच अवघड जातं.

फोकस ग्रुप घ्यायचा असेल तर सहा ते आठ माणसं पुरेत. या पद्धतीचं मूळ रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाच्या १९४० च्या दशकातल्या कामात आहे आणि आजही एजन्सीत ती रोज वापरली जाते. गट एकसारखा ठेवा. सासू आणि सून एका गटात बसल्या तर सून बोलणार नाही. शेठ आणि कामगार एकत्र बसले तर कामगार फक्त मान हलवेल. खुर्च्या गोल मांडा आणि तुम्ही टेबलामागे बसू नका. जाहिरात एकदा दाखवा, मग ती काढून घ्या आणि विचारा, “आत्ता काय काय दिसलं?” नाव आठवतंय का हे त्यानंतर. जो सगळ्यात जास्त बोलतो त्याचे आभार मानून कोपऱ्यातल्या गप्प माणसाकडे वळा. आणि शांतता पडली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाचपर्यंत मोजा, बहुतेक वेळा कोणीतरी बोलतं आणि तेच कामाचं असतं.

गटचर्चेतून टक्केवारी काढायची नाही. ‘आठपैकी सहा जणींना लाल रंग आवडला, म्हणजे ७५ टक्के’ असं वाक्य अहवालात आलं की मी तिथेच वाचन थांबवते.

प्रश्नावली

प्रश्न लिहिणं हे लेखनाचं काम आहे आणि त्यात दिवस गेले तरी चालतील. काही चुका वारंवार दिसतात. ‘ही जाहिरात आकर्षक आणि विश्वासार्ह वाटते का?’ हे दोन प्रश्न आहेत. आकर्षक वाटली पण विश्वास बसला नाही, तर माणसाने खूण कुठे करायची? ‘प्लास्टिकमुळे गोदावरी प्रदूषित होते, तर पिशव्यांवर बंदी असावी का?’ यात उत्तर आधीच भरवलंय. ‘गेल्या सहा महिन्यांत किती जाहिराती पाहिल्या?’ याचं खरं उत्तर पृथ्वीतलावर कोणाकडे नाही. काल किंवा गेला आठवडा, यापलीकडे जाऊ नका.

प्रश्नांचा क्रम हा तर वेगळा अभ्यास आहे. जाहिरातीची आठवण मोजताना आधी मदत न करता विचारायचं: “पैठणीचं दुकान म्हटलं की पहिलं नाव कोणतं येतं?” ते पहिलं नाव वेगळं नोंदवायचं, त्याला धंद्यात टॉप ऑफ माइंड म्हणतात. “अजून कोणती?” हे त्यानंतर. मग नावांची यादी दाखवून, “यातली कोणती ऐकली आहेत?” आणि सगळ्यात शेवटी जाहिरातीचं चित्र. हा क्रम उलटा केलात तर तुमच्याच यादीतली नावं लोक तुम्हाला परत सांगतील. यादीत एक अस्तित्वातच नसलेलं दुकान घाला. काही जण तेही ऐकलंय म्हणून सांगतात. त्या लोकांचं प्रमाण किती, यावरून बाकीच्या नावांच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा याचा अंदाज येतो.

सहमतीची पाच पायऱ्यांची मोजपट्टी रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये मांडली. कागदावर ती छान दिसते, पण उभ्याने तोंडी विचारताना पाचवा पर्याय येईपर्यंत समोरचा पहिला विसरतो. मोठ्या अक्षरांतलं कार्ड हातात द्या आणि बोट ठेवायला सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दोन टप्प्यांत विचारा. आधी पटतं की नाही पटतं, मग पूर्ण की थोडंसं. सगळी विधानं एकाच बाजूची ठेवू नका. काही उलटी असली की डोळे मिटून ‘पूर्ण सहमत’ म्हणणारा माणूस लगेच सापडतो.

प्रश्नावली झाली की ती दहा जणांवर वापरून बघा. तुमच्या वर्गातले दहा नकोत, ज्यांना खरंच विचारणार आहात तसे दहा. प्रश्न मोठ्याने वाचा. समोरच्याने “म्हणजे?” असं विचारलं, की तो प्रश्न बदला. समजावून सांगत बसू नका, कारण प्रत्यक्ष फिल्डवर दुसरी मुलगी वेगळं समजावून सांगेल आणि दोघींचे आकडे एकत्र करता येणार नाहीत.

किती माणसं, आणि कोणती

‘मॅडम, सॅम्पल किती घेऊ?’ हा प्रश्न मला कॉरिडॉरमध्ये सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. बऱ्याच जणांनी ३८४ हा आकडा कुठेतरी पाहिलेला असतो. तो येतो कुठून ते समजून घ्या. ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६. अर्थ असा की मोठ्या लोकसंख्येतून यदृच्छया, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरावीक संधी देऊन, ३८४ माणसं घेतली तर टक्केवारी साधारण पाच अंक इकडे-तिकडे असेल. त्याच ३८४ चे तुम्ही चार विभाग पाडलेत, समजा पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड, तर प्रत्येकात ९६ जण उरले आणि चूक दहा अंकांवर गेली. पंचवटीत ४५ टक्के आणि सातपूरला ५२ टक्के, म्हणून सातपूर पुढे, असं लिहिण्याचा अधिकार मग राहत नाही. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. हा हिशेब आधी करा, विभाग नंतर पाडा.

आणि हे गणित फक्त यदृच्छ नमुन्याला लागू आहे. मित्रांच्या ग्रुपवर फिरलेल्या फॉर्मला हजार उत्तरं आली तरी नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने जवळपास एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. त्यांनी नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या काळात ज्यांच्या घरी फोन आणि मोटार होती ते एका बाजूचे लोक होते, शिवाय उत्तर पाठवायची हौस असलेलेच त्यातून पुढे आले. जॉर्ज गॅलपने त्याहून कितीतरी लहान पण तोलून निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण भात ढवळलेला हवा.

वस्तीत ढवळायचं कसं? सगळ्यात सोपी रीत अशी. रस्ते आणि इमारतींची यादी करा, चिठ्ठी टाकून सुरुवातीचं घर ठरवा, उजव्या हाताने चालत प्रत्येक सातवं घर घ्या. दार बंद असेल तर वेगळ्या वेळी परत जा, लगेच शेजारचं घर घेऊ नका. दुपारी बारा वाजता उघडी असणारी दारं एका प्रकारच्या घरांची असतात आणि नवरा-बायको दोघं नोकरीला जाणारी घरं तुमच्या आकड्यांतून गायब होतात. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत तर पाळीचं वेळापत्रक बघूनच जावं लागतं. घरात गेल्यावर जो दार उघडेल त्यालाच विचारायचं नाही. घरातल्या प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ येतोय त्याच्याशी बोला. याने घरातला बोलका पुरुषच प्रत्येक वेळी पुढे येत नाही.

बाजारात विचारायचं असेल तर दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक दहावा माणूस थांबवा. हसऱ्या चेहऱ्याची माणसं निवडू नका. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातले लोक आणि त्याच रस्त्यावर शुक्रवारी दिसणारे लोक वेगळे असतात, म्हणून दिवस आणि वेळ वाटून घ्या.

एवढं यदृच्छ काम विद्यार्थ्याला नेहमी जमत नाही, हे मला मान्य आहे. मग कोटा ठरवा. वय, स्त्री-पुरुष, भाग यांचे ठरावीक आकडे भरा आणि अहवालात स्वच्छ लिहा की हा कोटा नमुना आहे. असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कमी होत नाहीत. साध्या सोयीच्या नमुन्याला ‘सिंपल रँडम सॅम्पलिंग’ म्हणणाऱ्याचे होतात, आणि व्हायलाच हवेत.

शेतकऱ्यांवर विषय घेणाऱ्यांनी कॅलेंडर बघून घ्या. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी, जानेवारी ते मार्च काढणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्या दिवसांत दिंडोरी-निफाडचा बागायतदार दहा मिनिटंही देऊ शकत नाही, आणि द्यावीत अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. कृषी सेवा केंद्रावर औषधं घ्यायला आलेला शेतकरी थोडा मोकळा असतो. तिथे बोलायला मिळतं, पण तो बाग असलेला, खरेदी करणारा शेतकरी आहे हे नोंदवून ठेवा.

ओळखपत्र गळ्यात, विभागप्रमुखांचं पत्र हातात, आणि मुली असोत की मुलं, दोघांच्या जोडीने जा. किती वेळ लागेल ते खरं सांगा. नाव आणि मोबाइल नंबर घ्यायचाच असेल तर उत्तरांपासून वेगळ्या कागदावर घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांशी पालकांच्या संमतीशिवाय बोलू नका. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरली आहे. आणि सर्वेक्षण म्हणून दारात शिरून काही विकू नका. कोणी तसं करायला सांगितलं तर ते काम सोडा, कारण त्यानंतर त्या गल्लीत कुठल्याही विद्यार्थ्याला दार उघडलं जात नाही.

न बोलता होणारं संशोधन

माणसांना विचारणं हा एकच मार्ग नाही. कॉलेज रोडपासून गंगापूर रोडपर्यंत कोचिंग क्लासेसचे फलक बघा. टॉपर मुलांचे फोटो, गुण, ‘नाशिकमधील नंबर १’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरताना त्याने कोणता कोर्स केला होता हे सांगणं त्यात आलं, आणि त्याची लेखी संमतीही आली. फलकांचे फोटो काढून आशयविश्लेषण करा, म्हणजे फलकांवर काय काय आहे ते ठरलेल्या रकान्यांत नोंदवून मोजा. यापेक्षा जिवंत विषय मला या शहरात दुसरा सुचत नाही.

आशयविश्लेषणाचा प्राण म्हणजे कोडिंग शीट, म्हणजे या रकान्यांचा तक्ता. कोर्सचं नाव दिलंय की नाही, क्रमांकाचा दावा आहे का, त्याला आधार दिलाय का, अक्षर रस्त्यावरून वाचता येईल एवढं आहे का. प्रत्येक रकान्याची व्याख्या इतकी नेमकी हवी की दोघांनी वेगवेगळं बसून भरलं तरी उत्तर एक यावं. ते येतं का हे मोजा, आणि नुसती टक्केवारी बघू नका. समजा १०० फलकांपैकी ९० वर दोघांचं एकमत झालं. ऐकायला छान वाटतं. पण दोघांनीही ९० फलकांवर ‘फोटो आहे’ अशी खूण केली असेल, तर नुसत्या योगायोगानेच ८२ फलकांवर एकमत झालं असतं. योगायोगाचं एकमत वजा करून खरं एकमत मोजणारा आकडा, म्हणजे कोहेनचा कप्पा, काढला तर तो ०.४४ च्या आसपास येतो, म्हणजे व्याख्या अजून सैल आहे. दोघांनी बसून वादाचे दहा फलक बघा, व्याख्या सुधारा, पुन्हा भरा.

जनसंपर्कवाले वर्तमानपत्रांची कात्रणं मोजतात. बातमी किती कॉलम सेंटिमीटर आली, तेवढ्या जागेचा जाहिरात दर किती, असा गुणाकार करून ‘एवढ्या लाखांची प्रसिद्धी’ असा आकडा ग्राहकापुढे ठेवायची जुनी रीत आहे. जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी हा आकडा संवादाचं मूल्य नाही असं स्पष्ट सांगितलं, तरी तो अजून सादरीकरणांत दिसतो. तुम्ही तरी तो शिकू नका. बातमी छापून आली हे तुमचं काम झालं. ती कोणी वाचली, कोणाच्या लक्षात राहिली, आणि घंटागाडीत वेगळा कचरा वाढला का, हे पुढचे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळी मोजणी लागते. शेवटच्या प्रश्नासाठी मोहिमेच्या आधीचाही आकडा हवा. सिंहस्थासारख्या मोठ्या कार्यक्रमावर प्रकल्प करणारे नेहमी गर्दी झाल्यावर जागे होतात. रामकुंडाजवळच्या दुकानदारांना वाहतूक बदलाची माहिती पोहोचली का, हे मोजायचं तर आधी त्यांना काय माहीत होतं ते नोंदवलेलं हवं.

दोन पोस्टरपैकी कोणतं चालतं हे पाहायचं असेल तर प्रयोग करा. कोणाला कोणतं पोस्टर दाखवायचं ते नाणं उडवून ठरवा. सकाळच्या वर्गाला एक आणि संध्याकाळच्या वर्गाला दुसरं दाखवलंत, तर फरक पोस्टरचा की वर्गाचा हे कधीच कळणार नाही.

आकडे आणि अहवाल

सॉफ्टवेअरची धास्ती घेऊ नका. जामोवी मोफत आहे आणि आठवड्याभरात हाताशी येतं. पण आधी स्वतः वीस फॉर्म हाताने टॅली करा. कुठे उत्तरं कोरी आहेत, कुठला मुलगा घरी बसून फॉर्म भरतोय, हे हातानेच समजतं. सगळ्या प्रश्नांवर ओळीने तीच खूण असलेले सलग पाच फॉर्म दिसले, तर त्या पत्त्यांवर परत जाऊन बघा. मग साधी वारंवारतेची कोष्टकं, मग दोन प्रश्नांची आडवी-उभी कोष्टकं, त्यानंतर काय-स्क्वेअर, म्हणजे दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी चाचणी. प्रत्येक टक्केवारीखाली ती किती माणसांवर काढली आहे तो आकडा लिहा. बारा माणसांची टक्केवारी काढू नका, ‘बारापैकी पाच’ असं लिहा. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असं म्हणायचं नाही. रील जास्त बघणारे पैठणी जास्त घेतात असं दिसलं, तर घरात लग्न आहे म्हणून ते रील बघत असतील ही शक्यता आधी तपासा.

अहवाल दोन लिहा. एक विद्यापीठासाठी, सगळ्या प्रकरणांसह. दुसरा एका पानाचा, त्या दुकानदारासाठी किंवा प्रभागातल्या अधिकाऱ्यासाठी. त्यावर पहिल्या ओळीत त्याचा निर्णय, दुसऱ्या ओळीत तुमची शिफारस, मग ती कशावरून केली ते तीन-चार आकडे, आणि तळाला किती माणसांना, कुठे, कधी विचारलं ते. हे पान घेऊन खरंच त्याच्याकडे जा. तो जे उलटे प्रश्न विचारेल तेच परीक्षकही विचारतात. सॅम्पल असंच का घेतलं, नकार किती आले, हा प्रश्न या शब्दांत का विचारला. उत्तरं तयार ठेवा आणि भरलेले मूळ फॉर्म निकाल लागेपर्यंत रद्दीत घालू नका. तोंडी परीक्षेत परीक्षकाने “एक फॉर्म दाखवा” म्हटलं की गठ्ठा टेबलावर ठेवता आला पाहिजे.